कान तयार झाले, तोंड कधी उघडणार?

माझ्या भाचीकडे इंग्रजी संभाषणाची तीन प्रमाणपत्रे आहेत. तिन्ही ऑनलाइन मिळालेली. ती वसईतल्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात ती अंधेरीच्या एका कार्यालयात मुलाखतीला गेली. समोरच्या बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला, ‘स्वतःबद्दल काही सांगा.’ भाचीने नाव सांगितले, महाविद्यालयाचे नाव सांगितले आणि तिथेच अडकली. पाच मिनिटांत ती बाहेर आली. परतीच्या विरार लोकलमधून तिने मला फोन केला. रडत नव्हती. फक्त म्हणाली, “खाला, त्या काय विचारत होत्या ते सगळं समजत होतं. तोंडच उघडेना.”

हा लेख मी त्या फोनमुळे लिहीत आहे. त्यात माझीही चूक आहे, ती आधी सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी भाचीला वसई स्टेशनजवळच्या एका क्लासला जायचे होते. वेळ संध्याकाळी सात ते आठ. तिच्या अब्बांनी मला विचारले, “फोनवर सगळं मिळतं ना आता? मग क्लासला कशाला जायचं?” मी नोकरी करणारी, रोज लेडीज डब्यातून प्रवास करणारी बाई. म्हणून माझ्या शब्दाला घरात थोडे वजन आहे. मी म्हणाले, “हो, फोनवर चांगले कोर्स असतात.” मेहुण्यांना खरे तर क्लासबद्दल काही विचारायचे नव्हते. त्यांच्या मनात होते ते मुलीचे रात्री आठ वाजता रस्त्यावर असणे. हे मला तेव्हाही कळत होते. पण वाद नको म्हणून मी सोपे उत्तर दिले. ‘ऑनलाइन’ हा शब्द फार सोयीचा आहे. मुलगी शिकत आहे असे म्हणता येते आणि ती घरातच राहते.

सोपाऱ्यात दर रविवारी आमच्याकडे काही मुले-मुली अभ्यासाला बसतात. वसई, विरार, नालासोपाऱ्याच्या वेगवेगळ्या महाविद्यालयांतली. मी त्यांना हिशेब आणि लेखाकर्म समजावते. बहुतेक मुस्लिम आहेत, काही कोळी, काही वाडवळ, काही उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांतली. भाचीच्या फोननंतरच्या रविवारी मी हिशेबाची वही बाजूला ठेवली आणि विचारले, “तुमच्यापैकी कोण ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकतंय आणि तुम्हाला काय वाटतं?” दोन तास चर्चा चालली. ही काही पाहणी नव्हे. पण ती मुले जे बोलली, ते आपण पालकांनी आणि शिक्षकांनी ऐकावे असे आहे.

पहिली गोष्ट अशी की, ऑनलाइन शिक्षणाला एकानेही सरसकट वाईट म्हटले नाही. एक मुलगा म्हणाला, “आपा, वर्गात सरांना तीनदा विचारलं तर चौथ्यांदा लाज वाटते. व्हिडिओ दहा वेळा मागे नेला तरी तो चिडत नाही.” २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि नालासोपारा पूर्वेच्या चाळीतल्या मुलाच्या कानातही बीबीसीचे इंग्रजी पोचले. हे लहान काम नाही. माझ्या वेळी इंग्रजी ऐकायचे म्हणजे दूरदर्शनच्या रात्रीच्या बातम्या, तेही शेजाऱ्यांच्या घरी बसून. या मुलांचे कान आमच्यापेक्षा कितीतरी तयार आहेत.

दुसरी गोष्ट लाजेची. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला महाविद्यालयात पहिल्या दिवशी जी भीती वाटते, ती इंग्रजी माध्यमाच्या मुलाला कळणार नाही. आपण ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हटले तर मागच्या बाकावर हसे पिकते. ऑनलाइन वर्गात कॅमेरा बंद, आवाज बंद. कोणी हसत नाही. एका मुलीने सांगितले की ती हल्ली फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी बोलायचा सराव करते. “तो कंटाळत नाही, हसत नाही आणि माझे आडनाव विचारत नाही.” शेवटचे वाक्य ऐकून खोलीत सगळे गप्प झाले.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. “कोर्सच्या एका तासात तुम्ही स्वतः किती बोलता?” उत्तरे ऐकून मी थक्क झाले. चाळीस-पन्नास जणांचा तास. सुरुवातीला ‘प्रेझेंट मॅम’, शेवटी ‘थँक यू मॅम’. मधल्या वेळात चॅटमध्ये ‘येस’ लिहायचे. एक मुलगी म्हणाली, “सहा महिन्यांत मी एकदाच बोलले आपा. तेही माझा आवाज चालू आहे का, हे तपासायला.” सगळे हसले, ती पण हसली. आमच्याकडे बोलायला शिकण्याचा वर्ग असा चालतो.

यात मुलांचा दोष नाही. आज पदवीच्या वर्गात बसलेली मुले मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शाळेत होती. नेमकी जी वर्षे चारचौघांत उभे राहून बोलायला शिकण्याची, ती त्यांनी आवाज बंद करून काढली. शिक्षकांनीच सांगितले होते, सगळ्यांनी म्यूट करा. ती सवय अजून गेलेली नाही. त्यात महाविद्यालयात एका तुकडीत शंभरावर मुले. प्राध्यापकाने मनावर घेतले तरी प्रत्येकाला एक मिनिट मिळणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सक्तीची आहे. म्हणजे आपली मुले बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकतात. पण परीक्षा असते ती लिहिण्याची. बारावीला तोंडी परीक्षेचे गुण आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते कसे दिले जातात हे आपल्याला ठाऊक आहे. जे कधी तपासले जात नाही, ते शिकवलेही जात नाही.

आणखी एक अडचण मुलींनी सांगितली. ती कुठल्याच जाहिरातीत नसते. घरात बोलायला जागा कुठे आहे? एका खोलीत सहा माणसे. इकडे कुकरची शिट्टी, तिकडे धाकट्या भावाचा गेम, दादी नमाज पढत आहेत. अशा वेळी इंग्रजीत मोठ्याने कसे बोलायचे? एक मुलगी संडासाला जाताना फोन घेऊन जाते आणि तिथे दोन मिनिटे पुटपुटते. दुसरी गच्चीवर जायची, पण शेजारणींनी आईला विचारले, ‘तुमची मुलगी रोज गच्चीवर कोणाशी बोलते?’ त्या दिवसापासून गच्ची बंद. मुलगा मात्र अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर किंवा फलाटावर फेऱ्या मारत बोलू शकतो, त्याला कोणी विचारत नाही. सुविधा सगळ्यांना सारखी आहे असे आपण म्हणतो. पण भावाच्या आणि बहिणीच्या हातात एकच फोन असला तरी दोघांना मिळणारे शिक्षण सारखे नसते. आणि पुष्कळ घरांत तो एक फोनही आधी भावाच्याच हातात असतो.

पैशाचा विषयही निघाला. मोफत व्हिडिओ पाहणारी मुले एकीकडे. दुसरीकडे, ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ या जाहिरातीला भुलून हप्त्यांवर महागडा कोर्स घेतलेली. एका रिक्षाचालकाच्या मुलाने सांगितले, कोर्स विकणारे दिवसातून चार वेळा गोड बोलून फोन करत होते. पैसे भरल्यावर शंका विचारायला कोणी फोन उचलत नाही. हप्ता मात्र अजून चालू आहे. तीस दिवसांत भाषा येत नसते. जो तसे सांगतो, तो भाषा विकत नाही, आपली लाज आपल्यालाच विकतो. पालकांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील. सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७पासून आहे. त्यावर इंग्रजीचेही अभ्यासक्रम असतात आणि शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क पडते. त्या खोलीतल्या निम्म्या मुलांनी त्याचे नावही ऐकले नव्हते.

आता माझे मत. ऑनलाइन शिक्षणाने कान तयार होतात. शब्द वाढतात, उच्चार कळतात, वाक्य ओळखीचे होते. हे सगळे घ्यावे, भरपूर घ्यावे. पण तोंड उघडते ते माणसासमोर. मुलाखतीत समोरचा माणूस मध्येच तोडतो, कपाळाला आठ्या घालतो, भलताच प्रश्न विचारतो. फोनमधला आवाज तसे करत नाही. तो आपले वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहतो, आपले सगळे चालवून घेतो. पोहण्याचे व्हिडिओ पाहून कोणी वसईच्या खाडीत उडी मारत नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण मुलांना नेमके तेच करायला सांगतो आणि ती बुडाली की म्हणतो, एवढे कोर्स करून काय उपयोग झाला?

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला आक्षेप, ‘इंग्रजीच्या मागे लागून मुले आपली भाषा विसरतील.’ वसईत राहून हे म्हणणे मला पटत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याच वसईचे. चर्चचे धर्मगुरू, जगभर फिरलेले, इंग्रजीत सहज वावरणारे. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक भाषा आली म्हणून दुसरी जात नाही. आपली भाषा हलकी आहे असे मुलांच्या मनात भरवले, तर मात्र ती जाते. म्हणून आमच्या रविवारच्या बैठकीत नियम आहे, अडले की मराठीत, उर्दूत, कोकणीत बोला, पण थांबू नका.

दुसरा आक्षेप, ‘इंग्रजी आली तरी आपल्याला नोकरी कोण देतो?’ हा कडवट आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. नाव वाचूनच अर्ज बाजूला ठेवणारे लोक आहेत. त्यांना आपले इंग्रजी बदलू शकणार नाही. पण इंग्रजी फक्त नोकरीसाठी नसते. बँकेचा, विम्याचा, इस्पितळाचा कागद वाचून त्याबद्दल प्रश्न विचारता यावा, वकील काय लिहून देतो ते कळावे, आपल्यावर झालेला अन्याय चार मोठ्या लोकांसमोर न अडखळता मांडता यावा, यासाठीही ती लागते. हमीद दलवाईंनी मराठीत लिहिले. त्यांचे विचार महाराष्ट्राबाहेर पोचायला दिलीप चित्रे यांचा इंग्रजी अनुवाद लागला. आपल्याला बोलता येत नसेल, तर आपल्याबद्दल दुसरेच बोलत राहतात. आज दूरचित्रवाणीवर कोण आपल्या नावाने बोलतो आणि काय बोलतो, हे आपण रोज पाहतोच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो कोणी उघड बोलत नाही. ‘मुली घरी बसून शिकत आहेत ना, मग बाहेर कशाला पाठवायचे?’ टाळेबंदीत नाइलाज म्हणून आलेली गोष्ट आता काही घरांत कायमचा कायदा झाली आहे. मी स्वतः त्याला हातभार लावला, म्हणून मला हे ठामपणे म्हणायचा हक्क आहे. ऑनलाइन वर्ग मुलीच्या पायाखाली एक पायरी म्हणून असावा, तिच्या दाराला कडी म्हणून नसावा.

आपल्याकडे याची उदाहरणे नाहीत असे नाही. १८६७मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेहून परतले आणि मुंबईच्या हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८७४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लाम काढली, कारण इंग्रजी शिक्षणापासून दूर राहून आपला समाज मागे पडतो आहे हे त्यांना दिसत होते. आणि पडद्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत पाठवले. त्याच विस्तारित कुटुंबातल्या अतिया फैजी १९०६मध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. त्यांची बहीण नाझली आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम. अतिया इंग्रजीत शिकल्या, लोकांत मिसळल्या, सभांना गेल्या आणि तिथला अनुभव त्यांनी उर्दूत लिहून इथल्या बायकांपर्यंत पोचवला. ते श्रीमंतांचे घर होते, हे खरे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईहून लंडनला जाता येत होते, तर आज सोपाऱ्याहून वसई स्टेशनला का जाता येऊ नये?

आणि वसईला तर परकी भाषा नवी नाही. इथे पोर्तुगीज आले, १७३९मध्ये मराठ्यांनी किल्ला जिंकला, ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. त्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या हातात गेली. अशा गावात आपण समोरच्याची भाषा नीट येण्याचे मोल ओळखायला हवे.

मग करायचे काय? मोठ्या योजनांची वाट पाहायची गरज नाही. आम्ही त्या रविवारपासून जे सुरू केले, ते सांगते.

चार-चार जणांचे गट केले. आठवडाभर प्रत्येकाने फोनवर हवे ते ऐकायचे, पाहायचे. रविवारी एक तास फोन बंद. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलायचे. बोलताना कोणी चूक काढायची नाही, कोणी हसायचे नाही. नंतर फक्त तीन चुका सांगायच्या, जास्त नाही. विषय आपल्या जगण्यातले. ‘विमानतळावर तुम्ही काय बोलाल’ हा धडा आमच्या मुलांना कशाला हवा? त्यांना बँकेत खाते गोठले तर काय बोलायचे, आईला इस्पितळात नेले तर डॉक्टरांना काय सांगायचे, मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारला तर न लाजता कसे सांगायचे, हे हवे आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत एक जण अधिकारी होतो, मुद्दाम मध्येच तोडतो, पुन्हा विचारतो. पहिल्यांदा सगळ्यांची भंबेरी उडाली. आता मजा येते.

यासाठी लागते एक खोली आणि एक ऐकणारा मोठा माणूस. महाविद्यालये रविवारी बंद असतात, शाळांचे वर्ग रिकामे असतात. जमातीचे हॉल लग्नाच्या दिवसांखेरीज पुष्कळदा कुलूपबंद असतात. लग्नासाठी उघडणारे हॉल मुलामुलींच्या बोलण्यासाठी आठवड्यातून दोन तास उघडायला काय हरकत आहे? आपल्याकडे निवृत्त शिक्षक, रेल्वेत आणि बँकेत नोकरी केलेली माणसे आहेत, आखातात वीस वर्षे काढून परतलेले चाचा आहेत. त्यांचे इंग्रजी व्याकरणशुद्ध नसेल, पण त्यांनी त्या इंग्रजीवर घर चालवले आहे. त्यांना बोलवा. महाविद्यालयांनाही एक विनंती. नव्या अभ्यासक्रमात क्षमतावर्धनाच्या नावाखाली भाषेचे तास आले आहेत. त्यातला एक तास तरी तुकडीचे छोटे गट करून मुलांना बोलू द्या. आणि मुलींसाठी वेळ ठरवताना त्यांना उजेडात घरी परतता येईल असे पाहा. हे मी रूढीपुढे मान तुकवायची म्हणून सांगत नाही, तर मुली पहिल्या आठवड्यातच गळू नयेत म्हणून. वेळ पुढे हळूहळू वाढवता येते.

राहिली भाचीची गोष्ट. मी मेहुण्यांकडे गेले आणि सरळ सांगितले, “दुल्हाभाई, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. फोनवर सगळं मिळत नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तिला परत यायला उशीर झाला तर?” मी म्हटले, “तर तुम्ही स्टेशनवर घ्यायला या. तिला थांबवण्यापेक्षा ते सोपं आहे.” ते लगेच हो म्हणाले नाहीत. पण पुढच्या रविवारी भाची आमच्याकडे आली.

तिने पहिल्या दिवशी सांदण कसे करतात ते इंग्रजीत सांगितले. तांदूळ किती भिजवायचा इथपर्यंत नीट गेली, ‘वाफवणे’ला शब्द सापडेना. एक कोळ्याचा मुलगा म्हणाला, “हाताने दाखव ना!” तिने हाताने वाफ दाखवली, सगळ्यांना कळले आणि ती पुढे बोलत राहिली. तीन मिनिटे झाली तरी थांबेना. तिच्या तीनही प्रमाणपत्रांनी जे केले नाही ते त्या सांदणाने केले. तिला अजून नोकरी लागलेली नाही. पुढच्या महिन्यात दुसरी मुलाखत आहे. काय होईल ते मला माहीत नाही. पण या वेळी ती ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाशी थांबणार नाही, एवढी माझी खात्री आहे.

तुमच्या घरात अशी एखादी मुलगी कानात इअरफोन घालून कोपऱ्यात बसली असेल, तर आज रात्री तिला एकच विचारा, ‘या आठवड्यात तू कोणासमोर किती मिनिटं बोललीस?’ उत्तर शून्य असेल, तर नवा कोर्स घेऊ नका. एक खोली शोधा, तीन मैत्रिणी शोधा आणि तिच्यासाठी दार उघडा.